करडी नाही तिथे तांबडी

लंडनच्या हाइड पार्कात किंवा सेंट जेम्सेस पार्कात माणसाच्या पायाशी येऊन दाणा मागणारी खार इंग्लंडला जाऊन आलेल्या अनेक मराठी घरांच्या फोटोंमध्ये सापडते. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या खारीपेक्षा ती बरीच मोठी, अंगाने भरलेली, रंगाने करडी असते आणि तिच्या शेपटीच्या कडेला पांढुरकी झालर असते. फोटोत ती इंग्लंडची खार म्हणून येते, पण ती मूळची उत्तर अमेरिकेची. ब्रिटनची स्वतःची खार तांबडी. लंडनच्या बागांतून ती नाहीशी झाल्याला कित्येक दशकं लोटली. आज ती मोकळ्या रानात पाहायची तर पर्यटनाच्या पुस्तिका ठरावीक नावं देतात: दक्षिणेचं आइल ऑफ वाइट, पूल बंदरातलं ब्राउनसी बेट, वेल्सचं अँगलसी, लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्म्बीचा किनारा, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेलं कील्डरचं जंगल, लेक डिस्ट्रिक्टचे काही कोपरे आणि मग स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख. या यादीकडे नीट पाहिलं तर ती चमत्कारिक वाटते. तिच्यात ओक आणि हेझलची पानझडी राई आहे, वाळूच्या टेकड्यांवर माणसाने लावलेलं पाइनचं बन आहे, लाकडासाठी उभी केलेली स्प्रूसची अफाट लागवड आहे आणि हजारो वर्षं टिकलेलं स्कॉट्स पाइनचं रानही आहे. एकाच प्राण्याचं घर म्हणून या जागांना जोडणारा धागा झाडांमध्ये सापडत नाही, हवामानातही नाही. त्यांच्यात समान गोष्ट इतकीच, की तिथे करडी खार पोचलेली नाही, किंवा पोचली तरी तिला कुणीतरी टिकू देत नाही. या लेखातलं म्हणणं त्यातूनच येतं. ब्रिटनमध्ये तांबडी खार जिथे दिसते त्या जागा तिने निवडलेल्या नाहीत. माणसाच्या कृतींनी, काही अजाणता आणि काही समजून केलेल्या, तिच्यासाठी उरलेल्या आहेत. ती पुढेही तिथे दिसावी असं वाटत असेल, तर त्या कृती चालू ठेवण्याची जबाबदारी, त्यातल्या मनाला न रुचणाऱ्या कृतींसह, टाळता येणार नाही.

आधी एक समज दूर करायला हवा. ब्रिटनमध्ये ही खार दूरच्या, शांत रानांत भेटते म्हणून ती स्वभावानेच लाजाळू, माणसापासून पळणारी, खोल जंगलाखेरीज न जगणारी असावी असं वाटतं. पण आयर्लंडपासून जपानच्या होक्काइदो बेटापर्यंत पसरलेल्या तिच्या प्रदेशात इतरत्र पाहिलं की हा समज टिकत नाही. वॉर्साच्या वाझिएन्की बागेत तांबड्या खारी लोकांच्या हातून दाणे घेतात. हेलसिंकीच्या सेउरासारी बेटावर त्या फिरायला आलेल्यांच्या आसपास बागडतात. म्हणजे शहर, माणसं, बाकं आणि पायवाटा यांचं तिला वावडं नाही. लंडनच्या बागेत आज करडी खार जे करते, ते सगळं तांबडी करू शकते आणि युरोपात रोज करते. ब्रिटनमधली तिची दुर्मीळता तिच्या स्वभावातून आलेली नाही. तिचं कारण इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाला सनावळी आहे.

१८७६ साली चेशरमधल्या हेन्बरी पार्क या आपल्या इस्टेटीत थॉमस ब्रॉकलहर्स्ट नावाच्या जमीनदाराने अमेरिकेतून आणलेली करड्या खारींची जोडी सोडली. इंग्लंडमध्ये त्या रुजल्याची पहिली पक्की नोंद ही. त्या काळी परदेशी प्राणी-पक्षी, झाडं आणून आपल्या जमिनीवर वाढवणं हा श्रीमंतांचा प्रतिष्ठेचा छंद होता. १८९० नंतर वोबर्न ॲबीच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने तो आणखी पुढे नेला. त्याच्या उद्यानातल्या खारी देशभरच्या इस्टेटींना भेट म्हणून गेल्या. आयर्लंडमध्ये त्या १९११ साली लाँगफर्ड परगण्यातल्या कासल फोर्ब्समध्ये पोचल्या. चूक उमगायला वेळ लागला. करड्या खारी आणण्यावर आणि पाळण्यावर बंदी आली ती १९३७ साली, तोवर साठ वर्षं उलटली होती. १९५०च्या दशकात सरकारने शेपटीमागे बक्षीसही देऊन पाहिलं, तरी प्रसार थांबला नाही. मॅमल सोसायटीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख होत्या आणि तांबड्या २ लाख ८७ हजार. त्या तांबड्यांतल्या बहुसंख्य, दर सहांपैकी सुमारे पाच, एकट्या स्कॉटलंडमध्ये. एवढ्या मोठ्या इंग्लंडच्या वाट्याला ४० हजारांहून कमी आल्या.

करडी खार तांबडीला मारते असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही, आणि खरं काय घडतं ते कळल्याशिवाय ठिकाणांचा अर्थही लागत नाही. तांबडी खार साधारण ३०० ग्रॅमची. करडी तिच्या दीडपट ते दुप्पट वजनाची. पानझडी रानात शरद ऋतूत सर्वांत मुबलक खाणं म्हणजे ओकची फळं, आणि त्यांतली तुरट द्रव्यं करडी सहज पचवते, तांबडीला ती नीट पचत नाहीत. ज्यावर दोघीही जगू शकतात ती हेझलची फळं करडी पुरती पिकायच्या आधीच फस्त करते. परिणामी तांबडी हिवाळ्यात पुरेशी चरबी न साठवता उतरते, वसंतात तिला पिल्लं कमी होतात, झालेली पिल्लं तगत नाहीत. झाडावर कसलीही झुंज न होता दहा-पंधरा वर्षांत एक राई रिकामी होते. इटलीतला पुरावा या बाबतीत फार बोलका आहे. १९४८ साली तुरीनजवळ स्तुपिनीजी इथे अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी सोडल्या गेल्या. ज्याबद्दल पुढे येईल तो ब्रिटनमधला जीवघेणा रोग तिथल्या करड्यांमध्ये नाही, तरी पिएमाँतच्या मोठ्या भागातून तांबडी हटत गेली. केवळ अन्नाची स्पर्धा तिला संपवायला पुरते, एवढं तिथे दिसतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये या स्पर्धेच्या जोडीला रोग आला. स्क्विरलपॉक्स नावाचा हा विषाणू बहुतेक करड्या खारी अंगावर बाळगतात आणि त्यांना काही होत नाही. तांबडीला तो लागला की डोळ्यांभोवती, ओठांवर, पंजांवर फोड येतात, खपल्या धरतात. तिला दिसेनासं होतं, खाता येत नाही, आणि एक-दोन आठवड्यांत ती मरते. जिथे हा विषाणू आहे तिथे तांबडीची जागा करडीने घेण्याचा वेग नुसत्या स्पर्धेच्या कित्येक पट असतो. फॉर्म्बीने हे सर्वांना दाखवलं. मर्सीसाइडच्या किनाऱ्यावरचं, नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातलं हे पाइनचं बन इंग्लंडमध्ये तांबडी खार पाहण्याची सर्वांत सोपी जागा म्हणून नावाजलेलं होतं. शाळांच्या सहली तिथे येत. २००७-०८ मध्ये रोगाची साथ आली आणि किनाऱ्यावरच्या दर सहा-सात खारींपैकी जेमतेम एक उरली. त्यानंतरच्या वर्षांत संख्या बरीच सावरली आणि काही मोजक्या खारींच्या रक्तात विषाणूशी लढल्याच्या खुणाही सापडल्या, पण रोग पुन्हा येतच राहिला. फॉर्म्बीचं नाव आजही यादीत आहे ते आजूबाजूच्या पट्ट्यात करड्या खारी पकडण्याचं काम न थांबल्यामुळे.

आता बेटांकडे वळू, कारण तांबडीला मोकळीक मिळाली तर ती कुठे राहील याचं उत्तर बेटं देतात. आइल ऑफ वाइट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये सॉलेंटची सामुद्रधुनी आहे. तिच्यामुळे करडी खार इथे कधीच स्थिरावली नाही. बेटावर तीन हजारांहून अधिक तांबड्या खारी असाव्यात असा अंदाज आहे. पार्कहर्स्टच्या जंगलात, बोर्थवुड कॉप्समध्ये, अल्व्हरस्टोनच्या पाणथळ कुरणांलगत त्या दिसतात, आणि मुख्य गोष्ट अशी की त्या दिसतात ओक आणि हेझलच्या रानात. तांबडी खार म्हणजे पाइन-स्प्रूसचा प्राणी, अशी जी समजूत ब्रिटनमध्ये घट्ट झाली आहे तिला वाइट बेट सरळ उत्तर देतं: करडी नसेल तर पानझडी रान तिला उत्तम मानवतं. सूचिपर्णी जंगल ही तिची उरलेली जागा आहे, आवडती जागा नव्हे. बेटावरच्या खारींना वेगळीच अडचण आहे. राया तुटक आहेत, मधून रस्ते जातात, आणि उघड्या जमिनीवर उतरायला खार नाखूश असते. त्यामुळे तिथले कार्यकर्ते राया एकमेकींना झाडांच्या पट्ट्यांनी जोडण्यावर भर देतात. भीमाशंकरच्या शेकरूबद्दल ज्यांनी थोडंफार वाचलं आहे त्यांना ही गरज लगेच समजेल. फांदीला फांदी लागून असणं हे झाडावर राहणाऱ्या प्राण्याचं पहिलं मागणं असतं.

ब्राउनसी बेट त्या मानाने इवलंसं. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली बालवीरांचं पहिलं शिबिर भरवलं ते इथे. पूलच्या धक्क्यावरून होडीने जाता येतं आणि दोनशेच्या आसपास तांबड्या खारी एवढ्याशा जागेत असल्याने शरदात तिथे गेलेला माणूस सहसा निराश होऊन परतत नाही. याच बेटावरच्या खारींमध्ये कुष्ठरोगाचे जिवाणू असल्याचं संशोधन २०१६ साली सायन्स या नियतकालिकात आलं. ते जिवाणू मध्ययुगीन इंग्लंडच्या मानवी अवशेषांत सापडलेल्या जिवाणूंच्या जवळचे निघाले. माणसातून हा रोग शतकांपूर्वी हटला आणि खारीत राहिला, ही विलक्षण गोष्ट आहे. खारींपासून माणसाला तो झाल्याचं तिथे आढळलेलं नाही आणि बेट लोकांसाठी खुलं आहे. पण खारीला हात लावू नये, तिला भरवू नये, या सूचनेमागे आता आणखी एक कारण जमा झालं.

कील्डर हे या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत विचार करायला लावणारं ठिकाण. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची भीषण टंचाई जाणवली. १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि नॉर्थम्बरलंडच्या उघड्या, मेंढ्या चरणाऱ्या टेकड्यांवर १९२६ पासून लागवड सुरू झाली. आज ते इंग्लंडमधलं सर्वांत मोठं जंगल आहे, सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातलं मुख्य झाड सिट्का स्प्रूस हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. निसर्गप्रेमींनी या लागवडीवर दशकानुदशकं टीका केली: एकसुरी, अंधारी, परकी, स्थानिक फुलापाखरांना निरुपयोगी. टीका बरीचशी रास्तही होती. पण सिट्काच्या बिया फार बारीक असतात. मोठ्या देहाच्या करडीला त्यांवर पोट भरणं परवडत नाही, आणि हलकी तांबडी त्यांवर कशीबशी का होईना जगते. दर हेक्टरी संख्या अगदी विरळ, तरी जंगल एवढं मोठं की इंग्लंडमधल्या तांबड्या खारींपैकी जवळपास निम्म्या इथे असल्याचं मानलं जातं. अमेरिकेच्या झाडाने ब्रिटिश खारीला अमेरिकेच्या खारीपासून वाचवलं, आणि हे कुणीही योजलं नव्हतं. २००१ साली सायन्समध्येच आलेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: ही लागवड वाढत गेली तशा पूर्वी तुटलेल्या खारींच्या वस्त्या एकमेकींना जोडल्या गेल्या आणि त्यांचा आनुवंशिक वारसा दूरवर मिसळला.

यातून एक अवघड पेच उभा राहतो, आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. स्थानिक झाडं लावावीत, ओक परत आणावेत, हे आज सर्वमान्य धोरण आहे, आणि ते सर्वसाधारणपणे योग्यच आहे. मात्र कील्डरसारख्या तांबडीच्या आश्रयस्थानात ओढ्याकाठी ओक आणि बीच लावले की ती झाडं पन्नास वर्षांत करडीसाठी आत शिरण्याचा मार्ग बनतात. म्हणून तांबडीसाठी राखलेल्या जंगलांत मोठ्या बियांची पानझडी झाडं टाळण्याचा आणि त्यांऐवजी बर्च, विलो, रोवन यांसारखी बारीक बियांची स्थानिक झाडं निवडण्याचा सल्ला वनाधिकाऱ्यांना दिला जातो. जंगल तोडायचं तेही टप्प्याटप्प्याने, कारण स्प्रूस फळायला लागायला पंचवीस-तीस वर्षं घेतो आणि पुढच्या वीसेक वर्षांत कापणीला येतो. सगळा उतार एकदम कापला तर खारींना जायला जागा उरत नाही. पर्यटकाला जे अथांग, अस्पर्श रान वाटतं त्याच्या प्रत्येक तुकड्याची तोडणी-लागवड कागदावर आखलेली असते, आणि खारीचा संसार त्या आखणीवर चालतो.

स्कॉटलंडमध्ये तरी ती निव्वळ निसर्गाच्या भरवशावर असेल असं वाटतं. केर्नगॉर्म्सच्या पायथ्याला रोथिमर्कस आणि ॲबर्नेथीची पाइनची जुनी रानं, लॉख अॅन आइलेनचा काठ, दक्षिणेला डंकेल्डजवळचं लॉख ऑफ द लोज, पश्चिमेला आरन बेटावर ब्रॉडिकच्या गढीभोवतीची झाडी, ही खार पाहण्याची ब्रिटनमधली सर्वांत भरवशाची ठिकाणं आहेत. पण इथला इतिहासही तेच सांगतो. अठराव्या शतकापर्यंत जंगलतोडीने स्कॉटलंडची तांबडी खार जवळजवळ संपली होती. १७७२च्या सुमारास एडिंबराजवळच्या डॅलकीथमध्ये आणि पुढे डंकेल्डमध्ये बाहेरून खारी आणून सोडण्यात आल्या, नव्या लागवडीत त्या वाढल्या, इतक्या की वनमालकांना त्या पाइनची साल कुरतडणारी पीडा वाटू लागल्या. १९०३ साली हायलंड स्क्विरल क्लब स्थापन झाला, तो तांबड्या खारी मारण्यासाठी. पुढच्या तीन दशकांत त्याने ऐंशी हजारांहून अधिक खारींचा फडशा पाडला. त्याच १९०३ मध्ये बिएट्रिक्स पॉटरचं स्क्विरल नटकिनचं पुस्तक निघालं आणि लेक डिस्ट्रिक्टच्या डरवेंटवॉटर तलावावरची तांबडी खार इंग्रजी बालपणाचा भाग बनली. एकाच वर्षी एकाच प्राण्याबद्दल एकाच देशात या दोन गोष्टी घडल्या. आज स्कॉटलंडच्या वायव्येत, शील्डेग आणि किनलॉख्यूच्या परिसरात, ट्रीज फॉर लाइफ ही संस्था २०१६ पासून तांबड्या खारी पेट्यांतून नेऊन सोडते आहे. राया चांगल्या आहेत, करड्या नाहीत, पण मधले उघडे माळ ओलांडून खार स्वतः तिथवर पोचत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. ब्रिटनच्या तांबड्या खारींच्या रक्तात युरोपातून आणलेल्या खारींचा वाटा आहे, जंगलं माणसाने लावलेली आहेत, मग एकीला ‘मूळची’ आणि दुसरीला ‘परकी’ ठरवून परकीला मारणं हा माणसांमधल्याच भेदभावाचा प्राण्यांवर केलेला प्रयोग नाही का? शुद्धतेच्या नावाने कुणी तांबडीची बाजू मांडत असेल तर मला ती मान्य नाही. वर दिलेल्या इतिहासानंतर शुद्धता शिल्लकच राहत नाही. करडीचा दोषही काही नाही. आपल्याच पाच पट्ट्यांच्या खारी १८९८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर सुटल्या आणि त्या शहरात आजही आहेत. तिथे त्या उपद्रवी परदेशी ठरतात आणि इथे आपल्या अंगणातल्या. प्राणी तोच. पण मुद्दा रक्ताचा नसून परिणामाचा आहे. तांबडी असलेल्या रानात करडी आली की काही वर्षांत एकटी करडी उरते. केवळ दोघींच्या स्पर्धेतून उलट कधी होत नाही. दोघी राहाव्यात असा पर्याय पानझडी मैदानी ब्रिटनमध्ये गेल्या दीडशे वर्षांत कुठेही टिकलेला नाही. तो असता तर निवड करावी लागली नसती.

दुसरा आक्षेप हिंसेचा. पिंजरे लावून हजारो करड्या खारी पकडायच्या आणि मारायच्या, हे काम कोणत्याही संवेदनशील माणसाला सहज पटणारं नाही, आणि पटू नयेच. त्याला उत्तर म्हणून मी अँगलसीचा पुरावा पुढे ठेवतो. वेल्सच्या वायव्येला मेनाइच्या अरुंद सामुद्रधुनीपलीकडचं हे बेट दोन पुलांनी मुख्य भूमीला जोडलेलं आहे आणि करड्या खारी इथे येऊन पोचल्या होत्या. १९९८ पर्यंत पेंट्राइथजवळच्या एकाच जंगलात चाळीसेक तांबड्या उरल्या. त्या वर्षी संशोधक क्रेग शटलवर्थ यांच्या पुढाकाराने करड्या हटवण्याचं काम सुरू झालं. बेटभर, रानोरान, पिंजऱ्यापिंजऱ्याने ते पंधरा वर्षं चाललं. करड्या जशा विरळ झाल्या तसं उरलेल्या करड्यांमधलं विषाणूच्या खुणा असणाऱ्यांचं प्रमाणही उतरत गेलं. न्यूबरोच्या किनारी जंगलात पिंजऱ्यात वाढवलेल्या तांबड्या सोडल्या, त्या रुजल्या. २०१३ मध्ये बेट करड्या खारींपासून मुक्त मानलं गेलं, आणि आज तिथे सातशेहून अधिक तांबड्या आहेत. प्लास नेविड्डच्या बागेत, लांगेव्हनीच्या डिंगल राईत, न्यूबरोला त्या रोज दिसतात. काम पूर्णत्वाला नेल्याने मारणं बेटावर जवळजवळ थांबलं. याच्या उलट इटलीत १९९७ साली, करड्या अजून मोजक्या जागी असताना, त्या हटवण्याचा एक प्रायोगिक प्रकल्प प्राणिहक्क संघटनांच्या न्यायालयीन तक्रारीमुळे अडकला. संशोधकांवर खटला चालला. ते अपिलात सुटले, पण तीन वर्षं गेली होती आणि तेवढ्या काळात खारी पसरून आवाक्याबाहेर गेल्या. दया म्हणून घेतलेल्या त्या विरामाची किंमत तांबड्यांनी तर दिलीच. पुढे हाती घेतलेल्या मोहिमांत माराव्या लागलेल्या करड्यांनीही दिली. अर्धवट, रेंगाळत, वर्षानुवर्षं चालणारं मारणं मला सर्वांत निष्ठुर वाटतं, आणि ब्रिटनच्या अनेक भागांत दुर्दैवाने तेच चालू आहे.

मग मुख्य भूमीवर हे संपणार कधी, असा पुढचा प्रश्न साहजिक आहे. तिथे समुद्र नाही. आज मोकळी केलेली राई उद्या पुन्हा भरते. इथे आशा दाखवली ती दुसऱ्या एका, जवळजवळ नामशेष झालेल्या प्राण्याने. पाइन मार्टेन हा लांबट अंगाचा, झाडांवर सराईतपणे चढणारा शिकारी. शिकारीची पाखरं खातो म्हणून इस्टेटींच्या राखणदारांनी त्याला एकोणिसाव्या शतकात ब्रिटनभर मारून काढला होता. कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर आयर्लंडमध्ये तो परतला, आणि मधल्या परगण्यांत, लीश आणि ऑफलीकडे, करड्या खारी झपाट्याने ओसरल्याचं आणि तांबड्या परत आल्याचं दिसू लागलं. संशोधक एमा शीही यांच्या अभ्यासाने ही लोकांची निरीक्षणं आकड्यांनी पक्की केली. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधूनही तसाच निष्कर्ष आला. कारण समजण्यासारखं आहे. तांबडी आणि मार्टेन युरोपात हजारो वर्षं एकत्र जगलेले. तिला त्याची चाहूल ओळखता येते आणि तिचं हलकं अंग बारीक फांदीच्या टोकापर्यंत जातं. करडी जड, जमिनीवर अधिक रमणारी, आणि या शिकाऱ्याची भीती तिच्या वाट्याला कधी आलेली नाही. उत्तरेकडून मार्टेन आता कील्डरपर्यंत पोचले आहेत. पण त्यांच्यावरच सगळं सोपवावं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मार्टेनला मोठं, सलग जंगल लागतं. शहरं त्याला नकोत. करड्यांचे साठे शहरांच्या बागांत राहणार आणि तिथून त्या पुन्हा पसरणार. ॲबर्डीनमध्ये १९७०च्या दशकात आलेल्या करड्या वर्षानुवर्षांच्या पकडमोहिमेनेच आटोक्यात येत गेल्या. शहरांसाठी वेगळं साधन शोधलं जातंय: करड्यांना खाण्यातून द्यायचं संततिनियमनाचं औषध, आणि ते ठेवण्यासाठी असा डबा की ज्याचं दार करडीच्या वजनानेच उघडेल, हलक्या तांबडीला उघडणार नाही. सरकारी प्रयोगशाळेत त्यावर काम चालू आहे. ते यशस्वी झालं तर पिंजरे कमी होतील, आणि मला ते मनापासून हवं आहे. ते हाती येईपर्यंत पिंजरे उचलले तर औषध येईल तेव्हा वाचवायला तांबडी उरणार नाही.

जगात ही खार मुळीच दुर्मीळ नाही, सायबेरियापर्यंत लाखोंनी आहे, मग ब्रिटनने एवढा खर्च का करावा, असंही विचारतात. याचं उत्तर द्यायला फार शब्द लागत नाहीत. प्रत्येक देशाने ‘दुसरीकडे आहे ना’ म्हणायचं ठरवलं तर ‘दुसरीकडे’ उरत नाही, आणि पिएमाँतच्या करड्या आल्प्सच्या पायथ्याशी आहेत. तो पर्वत त्यांनी ओलांडला तर फ्रान्स-स्वित्झर्लंडची पानझडी रानं पुढे आहेत. ब्रिटनमध्ये शिकलेली प्रत्येक गोष्ट, अँगलसीची रीत असो की मार्टेनचा अभ्यास, तिथे कामी येणार आहे.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायला जायचं आहे त्यांनी शरदातली किंवा हिवाळ्याच्या अखेरची सकाळ धरावी. ही खार शीतनिद्रा घेत नाही. शरदात ती खाणं पुरत असते आणि जानेवारी-फेब्रुवारीत नर मादीचा झाडाभोवती पाठलाग करतात, तेव्हा पानझडी झाडंही निष्पर्ण असतात. नजर वर हवी, कान सालीवरच्या नखांच्या खरखरीकडे हवेत. जमिनीवर पाइनची फळं मधला दांडा तेवढा उरेपर्यंत सोललेली किंवा हेझलची कवचं सरळ दोन भागांत फुटलेली दिसली तर वर खार आहे, कोणती ते मात्र या खुणांवरून कळत नाही. रंगावरही विसंबू नये, कारण करडीच्या पाठीवर आणि पंजांवर तांबूस झाक असते आणि हिवाळ्यात तांबडी बरीच करडी दिसते; कानांवरचे लांब केसांचे तुरे हिवाळ्यात खूण पटवतात, उन्हाळ्यात तेही झडतात. तेव्हा शेपटी पाहावी: पांढरी किनार असेल ती करडी. खायला घालू नये. एकाच डब्यावर अनेक खारी आल्या की फोडांचा रोग त्याच डब्यावरून पसरतो. जिथे स्थानिक संस्थाच डबे ठेवतात तिथे ते नियमाने धुतले जातात, साथ आली की काढले जातात. आणि दिसलं ते कळवावं. वर आलेल्या जवळपास प्रत्येक भागात नोंदी घेणारे स्वयंसेवक आहेत आणि जागा, तारीख, एखादा फोटो त्यांना पुरतो. वाइटच्या किंवा अँगलसीच्या रानात दिवसभर फिरून तांबडी न दिसता एखादी करडी मात्र दिसली, तर ती नोंद त्याच दिवशी, उशीर न करता त्यांच्यापर्यंत पोचवावी. तिथल्या लोकांना दहा तांबड्यांच्या फोटोंपेक्षा त्या एका करडीची खबर अधिक उपयोगाची असते.